‘हे सगळं इतरांचं झालं, तुमचं कुठे आहे?’

प्रश्न : मी शिक्षणशास्त्रात पीएचडी करते आहे. माध्यमिक शाळेतले शिक्षक वह्यांवर जे लेखी शेरे देतात, त्यांचं विद्यार्थी पुढे काय करतात, हा विषय आहे. २४ शिक्षकांच्या मुलाखती आणि साधारण ३०० वह्या असा डेटा वर्षभरापूर्वीच हातात आला. सध्या पूर्वसंशोधनाचा आढावा लिहिते आहे. तो १४० पानांवर गेला तरी संपत नाही. गाईडनी मागच्या महिन्यात तो परत पाठवला, वर एकच ओळ लिहून : ‘हे सगळं इतरांचं झालं, तुमचं कुठे आहे?’ मला वाटतं माझी भाषाच कच्ची आहे. अॅकॅडमिक रायटिंगचा कोर्स लावू का? अजून बरेच पेपर वाचायचे राहिलेत, तर आधी वाचन पूर्ण करून मग लिहायला बसावं का? आणि एआयकडून भाषा सुधारून घेतली तर चालेल का?

उत्तर : कोर्स लावू नका, निदान आत्ता तरी. तुमच्या पत्रातली भाषा स्वच्छ आहे आणि गाईडच्या शेऱ्यात भाषेबद्दल अवाक्षरही नाही. अडचण कुठे आहे ते तुमचं तुम्हालाच दहा मिनिटांत कळेल. १४० पानांतली कुठलीही पाच पानं काढा आणि प्रत्येक परिच्छेदाचे पहिले दोन शब्द अधोरेखित करा. ओळीने आडनावंच निघाली, ‘अमुक यांनी’, ‘तमुक यांच्या मते’, तर तो आढावा नाही, हजेरीपट आहे. कोण कोण येऊन गेलं एवढंच त्यातून कळतं.

असं होण्याचं कारण लेखनाच्याही आधी, टिपणांत असतं. एक पेपर वाचला की त्याचं एक पान टिपण, पुढचा वाचला की पुढचं पान. टिपणं पेपरवार असली की परिच्छेदही पेपरवारच उतरतात, मग भाषा कितीही घोटून घ्या. म्हणून दुरुस्ती टिपणांपासून करायची. एक साधा तक्ता आखा, एक्सेलमध्ये किंवा मोठ्या कागदावर. आडव्या ओळींत पेपर, उभ्या रकान्यांत प्रश्न. तुमच्या विषयाला सहा रकाने पुरतील : ‘शेरा’ कशाला म्हटलंय (नुसती खूण, गुण, की वाक्य), कुठला वयोगट आणि विषय, परिणाम कसा मोजला, काय सापडलं, ते कोणत्या परिस्थितीत सापडलं, आणि काय तपासलंच नाही. एका चौकटीत दोन ओळींच्या वर लिहायचं नाही. सगळे पेपर एकदम घेऊ नका, विषयाशी सगळ्यात जवळचे २५-३० आधी भरा. एखादी चौकट भरता येत नसेल तर तो पेपर तुम्ही नीट वाचलेला नाही, किंवा तो तुमच्या कामाचा नाही. दोन्ही गोष्टी वेळेत कळलेल्या बऱ्या.

तक्ता भरला की तो आडवा वाचू नका, उभा वाचा. ‘परिणाम कसा मोजला’ हा एकच रकाना वरून खाली वाचताना कोण कोणाच्या बाजूला उभं आहे, कोणाचं कोणाशी का पटत नाही, हे दिसायला लागतं. तुमच्या उपप्रकरणांची शीर्षकं या रकान्यांतून येतील, पेपरांच्या यादीतून नाही.

फरक कसा पडतो ते एका परिच्छेदावर पाहू. अ, ब, क, ड ही नुसती नमुन्याची नावं आहेत. पेपरवार टिपणांतून असं काहीतरी उतरतं :

‘अ यांनी शिक्षकांच्या शेऱ्यांचा अभ्यास केला. सविस्तर शेऱ्यांमुळे गुण वाढतात असे त्यांना आढळले. ब यांनीही शेऱ्यांचा अभ्यास केला. त्यांच्या मते विद्यार्थी शेरे वाचत नाहीत. क यांनी शिक्षकांच्या मुलाखती घेतल्या. ड यांनी गुणांची तुलना केली.’

तीच माहिती रकान्यांतून आली तर :

‘सविस्तर शेऱ्यांचा उपयोग होतो की नाही, याविषयीचे मतभेद बऱ्याच अंशी मोजमापाच्या पद्धतीतून आलेले दिसतात. पुढच्या चाचणीतील गुण हा निकष धरणाऱ्या अभ्यासांना सुधारणा आढळते (अ, ड). विद्यार्थ्यांना थेट विचारणाऱ्या अभ्यासात मात्र शेरे वाचलेच जात नसल्याचे चित्र येते (ब). शेरा मिळाल्यावर विद्यार्थ्याने त्याच वहीत काय बदलले, हे यांपैकी कोणीही तपासलेले नाही. त्यामुळे वाढलेले गुण शेऱ्यांमुळे आहेत की अन्य कशामुळे, हे ठरवता येत नाही.’

भाषा दोन्हीकडे सारखीच साधी आहे. बदललंय ते असं की दुसऱ्या परिच्छेदाचं पहिलं वाक्य तुमचं आहे. त्याला संदर्भ नाही, कारण ते निरीक्षण कुठल्याच पेपरात नव्हतं. ते तुम्ही तक्ता उभा वाचून केलंत. नावं कंसात गेली. क गळाला, कारण या मुद्द्याला त्याची गरज नव्हती. गाईड जे ‘तुमचं’ म्हणतात ते हेच पहिलं वाक्य. प्रत्येक परिच्छेदाला असं एक वाक्य हवं आणि बाकीच्या पाच-सहा वाक्यांनी त्याला आधार द्यायचा.

शेवटचं वाक्यही पाहा. ‘यावर आजवर संशोधन झालेले नाही’ असं तिथे लिहिलेलं नाही. हे वाक्य प्रबंधांत सर्रास सापडतं आणि तितकंच कच्चं असतं. परीक्षकाने एक पेपर समोर ठेवला की ते कोसळतं. शिवाय एखादी गोष्ट कोणी केली नाही, एवढ्यावरून ती करण्याजोगी ठरत नाही. ती न केल्यामुळे नेमका कोणता प्रश्न अडला आहे, ते सांगावं लागतं. ‘आढळले नाही’ असं म्हणायचंच असेल तर कुठल्या डेटाबेसमध्ये, कोणते शब्द टाकून, कुठल्या तारखेपर्यंत शोधलं, ते सोबत लिहा.

या कामात १४० पानांची बहुधा ५० होतील. जीवावर येईल, पण निकष सोपा आहे : संदर्भ काढून टाकल्यावर कुठलं वाक्य लंगडं पडतं का? पडत नसेल तर संदर्भ गेला. काढलेला मजकूर पुसू नका, ‘वगळलेलं’ नावाच्या वेगळ्या फाइलमध्ये ठेवा. त्यातलं फारसं काही परत लागत नाही, पण फाइल आहे म्हटलं की कापायला हात धजावतो.

आता वाचन संपवून लिहायचं की कसं. वाचन संपत नसतं. तुमच्या विषयावर या महिन्यातही पेपर येतच असतील. आढावा तक्त्यावर आणून थोडे दिवस बाजूला ठेवा आणि उद्यापासून संशोधन पद्धतीचं प्रकरण घ्या. याला तातडीचं कारण आहे. डेटा गोळा करून वर्ष झालंय आणि तपशील विसरायला लागतात. २४ शिक्षक कसे निवडले? किती जणांना विचारलं होतं, किती जणांनी नकार दिला, का दिला? मुलाखती किती मिनिटांच्या, कुठे झाल्या, रेकॉर्डिंग शब्दशः कोणी उतरवून काढलं? ३०० वह्यांतली कुठली पानं घेतली आणि कुठली सोडली? शेऱ्यांचे प्रकार आधी ठरवले होते की वह्या पाहता पाहता ठरले? हे सगळं डायरीत, मेलमध्ये विखुरलेलं असेल, ते आत्ताच एका जागी आणा. दुसऱ्या संशोधकाला तुमचं प्रकरण वाचून तेच काम पहिल्यापासून करता आलं पाहिजे, ही त्याची कसोटी.

या प्रकरणात एक चूक ठरलेली : ‘गुणात्मक संशोधन म्हणजे काय’, ‘मुलाखत म्हणजे काय’ अशा पाठ्यपुस्तकी व्याख्यांची दहा पानं. परीक्षकाला त्या माहीत असतात. त्याऐवजी प्रत्येक निर्णयाला तीन वाक्यं द्या : काय केलं, का केलं, आणि समोर असलेला दुसरा पर्याय का सोडला. तिसरं वाक्य बहुतेक जण गाळतात आणि व्हायव्हात (तोंडी परीक्षेत) प्रश्न नेमका तिथेच येतो.

याच प्रकरणात ‘करण्यात आले’चा सुकाळ असतो. ‘वह्यांचे निरीक्षण करण्यात येऊन शेऱ्यांचे वर्गीकरण करण्यात आले.’ कोणी केलं? एकट्याने की दोघांनी? मतभेद झाले तेव्हा काय केलं? हेच वाक्य असं लिहा : ‘दोन सहायकांनी शेऱ्यांचे स्वतंत्रपणे वर्गीकरण केले, जिथे दोघांचे एकमत झाले नाही, तिथे संशोधिकेने मूळ वही पाहून निर्णय घेतला.’ कर्ता सापडला की पद्धतीतली भोकंही सापडतात. म्हणून शैलीपेक्षा तपासणीसाठी ही सवय लावून घ्या. तुमच्याकडे वर्गीकरण एकट्यानेच केलं असेल तर तसं लिहा आणि ती मर्यादा म्हणून मान्य करा. झाकलेली मर्यादा उघड्या मर्यादेपेक्षा महागात पडते.

पद्धतीनंतर निष्कर्षांची मांडणी, मग त्यांची चर्चा, मग आढाव्यावर शेवटचा हात, त्यानंतर प्रस्तावना आणि समारोप, आणि सगळ्यात शेवटी सारांश. वाचक या क्रमाने वाचणार नाही, पण लिहायला हाच क्रम बरा. निष्कर्ष हातात असल्याशिवाय आढाव्यात काय लागेल हे कळत नाही. तुमच्या आढाव्याची पानं फुगत गेली त्यामागे हेही कारण आहे. प्रस्तावनेसाठी जॉन स्वेल्स या भाषाअभ्यासकाने १९९० मध्ये दाखवलेली तीन पावलं वापरा. हे क्षेत्र का महत्त्वाचं, त्यात काय अडलंय, आणि हा प्रबंध त्यातलं नेमकं काय सोडवतो. नवखा लेखक पहिल्या पावलावर बारा पानं खर्च करतो आणि तिसरं दोन ओळींत उरकतो. प्रमाण उलटं ठेवा.

निष्कर्ष लिहिताना दाव्याचं वजन सांभाळणं हे खरं कौशल्य. तुमच्यासारख्या अभ्यासात हे वाक्य हमखास येतं : ‘शिक्षकांच्या नेमक्या शेऱ्यांमुळे विद्यार्थ्यांमध्ये सुधारणा होते, हे सिद्ध झाले.’ यात दोन शब्द डोईजड आहेत. ‘मुळे’ म्हणायला प्रयोग लागतो, तुमच्याकडे निरीक्षण आहे. आणि वह्यांच्या एका संचावरून ‘सिद्ध’ काही होत नाही. पुराव्याला पेलेल असं वाक्य साधारण असं : ‘ज्या वह्यांत शेऱ्याने नेमकी चूक दाखवली होती, त्यांत दुरुस्ती आढळण्याचे प्रमाण अधिक होते (तक्ता ४.२). शेऱ्याचा नेमकेपणा आणि दुरुस्ती यांचा संबंध असावा, असे यावरून सूचित होते. मात्र नेमके शेरे देणारे शिक्षक वर्गातही अधिक वेळ देत असतील, ही शक्यता या माहितीवरून नाकारता येत नाही.’ पहिलं वाक्य फक्त काय दिसलं ते सांगतं, दुसरं त्याचा अर्थ लावतं, तिसऱ्यात पर्यायी स्पष्टीकरणाची कबुली आहे. प्रबंधाच्या रचनेत निष्कर्ष आणि चर्चा ही वेगळी प्रकरणं असतील तर पहिलं वाक्य एकीकडे आणि उरलेली दोन दुसरीकडे जातील. उलट बाजूला घसरू नका : ‘कदाचित असे असू शकण्याची शक्यता वाटते’ यात एकाच दाव्याला चार कुबड्या दिल्यात. एक पुरे.

तक्त्यातले आकडे परिच्छेदात पुन्हा वाचून दाखवू नका. तक्त्यात काय पाहायचं ते सांगा. मुलाखतीतलं उद्धृत दिलं की निदान तितक्याच लांबीचं तुमचं विवेचन त्यामागे यायला हवं, आणि तसं म्हणणारे २४ पैकी किती होते, वेगळं म्हणणारे कोण होते, हेही. एकच चटकदार उद्धृत देऊन पुढे गेलात की परीक्षक ‘बाकीचे २३ काय म्हणाले?’ असं विचारणारच.

क्रियापदांचा काळ आणि संदर्भशैली यांवर फार डोकं खपवू नका, विद्यापीठाने सांगितलेली शैली धरा. एपीए (अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशन) शैलीच्या सातव्या आवृत्तीत (२०१९) इतरांचे निष्कर्ष भूतकाळात किंवा पूर्ण वर्तमानकाळात देतात, आणि ४० किंवा त्याहून जास्त शब्दांचं उद्धृत अवतरणचिन्हांशिवाय वेगळ्या, आत सरकवलेल्या परिच्छेदात येतं. संदर्भ हाताने टाइप करणं आजपासून बंद. झोटेरो हे संदर्भ सांभाळणारं मोफत सॉफ्टवेअर आहे, आणि एखादा पेपर मागे घेतला गेला असेल तर ते तशी खूणही दाखवतं. फक्त वेबवरून आपोआप ओढलेली नोंद एकदा डोळ्यांखालून घाला. लेखकाचं नाव उलटसुलट आणि वर्ष गायब, हे नेहमीचं. फाइलच्या तीन प्रती ठेवा, त्यातली एक घराबाहेर.

रोजच्या बैठकीचं म्हणाल तर आठवड्यातून पाच दिवस, मेल उघडण्याआधी, ५० मिनिटं. ‘आज प्रकरण चार’ असं ध्येय ठेवलंत की दिवस वाया गेला समजा. ‘तक्ता ४.२ वरचे दोन परिच्छेद’ असं ध्येय हवं. लिहिताना एखादा संदर्भ आठवला नाही तर ब्राउझर उघडू नका. तिथे ‘##’ टाका आणि पुढे चला. शेवटच्या दहा मिनिटांत सगळे ‘##’ शोधून भरा. उठताना उद्याचा मुद्दा एका ओळीत लिहून ठेवा, म्हणजे सकाळी कोऱ्या पानाशी झटापट होत नाही.

प्रकरणाचा पहिला ड्राफ्ट झाला की वाक्यं दुरुस्त करायला बसू नका. सगळ्यांचा वेळ इथेच जातो. तीन दिवस घासूनपुसून केलेला परिच्छेद नंतर अनावश्यक ठरला तरी काढवत नाही. आधी उलटा आराखडा काढा : परिच्छेदांना क्रमांक द्या आणि वेगळ्या कागदावर प्रत्येकाचं म्हणणं एका ओळीत लिहा, १५ शब्दांच्या आत. तीस पानांच्या प्रकरणाला एक सकाळ लागेल. एका ओळीत मावत नाही तो परिच्छेद फोडा. दोन ओळी सारख्या आल्या तर ते परिच्छेद एकत्र करा. एखाद्या परिच्छेदापुढे ‘अमुक यांचा अभ्यास’ एवढंच सुचलं, तर तिथे तुमचं म्हणणं अजून आलेलं नाही. मग नुसता तो कागद सलग वाचा. युक्तिवाद जिथे उडी मारतो ती जागा चटकन सापडते. त्यानंतर परिच्छेदांची अंतर्गत रचना, मग वाक्यं, आणि शेवटी आकडे, तक्त्यांचे क्रमांक आणि संदर्भ. एका फेरीत एकच गोष्ट पाहायची.

गाईडना १४० पानं पुन्हा पाठवू नका. नव्या पद्धतीने लिहिलेली १२-१५ पानं पाठवा, आणि वर अर्ध्या पानाची चिठ्ठी : या भागाचा मुद्दा तीन ओळींत, मागच्या वेळेपासून काय बदललं, आणि तुम्हाला ज्यांची उत्तरं हवीत असे दोन नेमके प्रश्न. ‘कसं वाटलं ते सांगा’ असं विचारलंत की उत्तरही तितकंच मोघम येतं.

वाङ्मयचौर्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण १४० पानांच्या पेपरवार आढाव्यात ते नकळत शिरलेलं असण्याचा धोका मोठा आहे. मूळ वाक्यातले चार शब्द बदलले, क्रम फिरवला आणि कंसात नाव दिलं, तरी ते मूळ लेखकाचंच वाक्य राहतं. पेपर बंद करा, मुद्दा स्वतःच्या शब्दांत लिहा, मग पेपर उघडून ताडून पाहा. टिपणांत तीन रंग वापरा : जसंच्या तसं घेतलेलं (पान क्रमांकासह), स्वतःच्या शब्दांत मांडलेलं, आणि स्वतःला सुचलेलं. सहा महिन्यांनी हे तिन्ही एकसारखे दिसायला लागतात आणि घोटाळा तिथूनच सुरू होतो. तपासणीच्या सॉफ्टवेअरचा टक्का म्हणजे चोरीचा टक्का नव्हे; ते फक्त जुळणारा मजकूर दाखवतं. संदर्भसूची आणि रीतसर उद्धृतं यांनीही तो वाढतो, आणि परक्या भाषेतून भाषांतर करून घेतलेला परिच्छेद त्यातून सुटूही शकतो. एकूण आकड्यापेक्षा कुठल्या पानावर काय जुळलंय ते पाहा.

एआयचं काय? आधी तुमच्या विद्यापीठाचा नियम वाचा, गाईडना सांगा, आणि वापर केलात तर प्रबंधात तशी नोंद करा. परवानगी असेल तर तुम्ही पूर्ण लिहिलेल्या परिच्छेदाची भाषा तपासायला ते ठीक आहे. मात्र परत आलेला मजकूर मूळ मजकुराशेजारी ठेवून ओळीने वाचा. या साधनांना वाक्य ठसठशीत करण्याची खोड असते. तुम्ही जपून लिहिलेलं ‘सूचित होते’ जाऊन तिथे ‘स्पष्ट होते’ येऊ शकतं, आणि तुमचा दावा बदललेला तुम्हाला कळतही नाही. संदर्भ मागू नका. अस्तित्वातच नसलेला पेपर ते खऱ्या लेखकाच्या नावावर, हुबेहूब दिसणाऱ्या डीओआयसकट (पेपरचा कायमचा ऑनलाइन ओळखक्रमांक) देऊ शकतं. कुठूनही आलेला संदर्भ असो, डीओआय उघडून आणि पेपर प्रत्यक्ष पाहूनच घ्या.

मुलाखतींचा मजकूर मात्र अशा कुठल्याही ऑनलाइन सेवेत टाकू नका. संमतिपत्रात तशी परवानगी घेतलेली नसेल तर तो संमतीचा भंग ठरतो. नावं काढून टाकली म्हणजे झालं, असंही नाही : शाळेचा प्रकार, विषय, इयत्ता आणि नोकरीची वर्षं एकत्र आली की ओळखीच्या माणसाला तो शिक्षक कोण हे सांगता येतं. हीच काळजी प्रबंधात उद्धृतं देतानाही घ्या. शिक्षकांना ‘शि-१’ ते ‘शि-२४’ असे क्रमांक द्या आणि कुठला क्रमांक कोणाचा, ही यादी प्रबंधाच्या फोल्डरपासून वेगळी, पासवर्ड लावून ठेवा.